माळवद दर साल माणसं मागतं

मृग निघायला आठ-दहा दिवस उरले की जालना जिल्ह्यातल्या जुन्या धाब्याच्या घरांवर माणसं चढतात. एक जण खालून पाट्या भरून देतो, शिडीवरचा त्या वर सरकवतो, माळवदावरचा पांढरी माती पालथी करतो. कुणी वर्षभरात उगवलेलं गवत मुळासकट उपटतं, कुणी भेगांत माती दाबून वर पाणी शिंपडतं आणि मग धुमसाने चोपणी सुरू होते. उतार पन्हाळीकडेच गेला पाहिजे, म्हणून घरातला एखादा म्हातारा कोपऱ्यात उभा राहून नुसता बघत असतो. त्याचं ते बघणं हेही कामच. दिवस मावळेपर्यंत हे चालतं. एकट्यादुकट्याचं ते काम नव्हे.

वास्तुकला शिकणाऱ्या मुलामुलींना या माळवदावर न्यावं, असं मला फार वाटतं. त्यांच्या पाच वर्षांच्या अभ्यासात दोन विषय आता हमखास येतात. एक सहनिवासाचा: अनेक कुटुंबं किंवा अनेक एकटी माणसं एका आवारात राहतील, स्वयंपाकघर, अंगण, गच्ची वाटून घेतील अशी इमारत आखायची. दुसरा प्रायोगिक साहित्याचा: सिमेंट आणि भाजलेल्या विटेच्या पलीकडे जाऊन माती, शेतातला काडीकचरा, कारखान्यातलं टाकाऊ, बुरशी यांपासून काय बांधता येईल ते करून बघायचं. दोन्ही विषयांवर सुरेख कामं होतात. पण ती वेगवेगळ्या सत्रांत आणि वेगवेगळ्या कागदांवर होतात. सहनिवासाच्या नकाशातली भिंत कशाची आहे, हे कुणी विचारत नाही. मातीच्या विटेच्या प्रकल्पात त्या भिंतीला दर वर्षी गिलावा कोण करणार, हेही कुणी विचारत नाही. मराठवाड्यातल्या धाब्याच्या घरात मात्र हे दोन प्रश्न कधीच वेगळे नव्हते.

हे घर मोजतात खणांवर. पाच खणांचं, सात खणांचं, नऊ खणांचं. लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर, त्यावर लिंबाचा पाला, मग मातीचे थर आणि सगळ्यात वर पांढरी माती. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. उजेडासाठी आणि धुरासाठी छतात सानं ठेवलेलं असतं आणि पाऊस आला की ते झाकायला कुणाला तरी धावावं लागतं. दारातून आत आलं की ढेलज, मग चौक, चौकाभोवती ओसरी, आत माजघर. धान्यासाठी भिंतीलगत बळद, जमिनीत पेव. बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन असताना माजघरात गारवा का, याचं उत्तर त्या जाड मातीत आहे. दिवसाची उष्णता फूटभर माती ओलांडून आत यायला आठ-दहा तास घेते. तोवर रात्र झालेली असते आणि दारं उघडी असतात. चार-पाच इंचांची सिमेंटची स्लॅब तीच उष्णता तीनेक तासांत खाली सोडते, म्हणून स्लॅबच्या घरात संध्याकाळी पंख्याचा वाराही गरम लागतो.

ही पांढरी माती शेतात मिळत नाही. मराठवाड्यात शेती ती काळी आणि वस्ती ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या भिंती, चुलीची राख, शेण आणि चुना यांनी वस्तीच्या जागेचा रंगच बदललेला असतो. काळी माती पाण्याने फुगते आणि सुकताना फाटते, पांढरी त्या मानाने शांत असते आणि चोपली की दाट बसते. म्हणून लोक पडक्या गढीची माती आणून माळवदावर टाकतात. इथे विद्यार्थ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हीच पांढरीची टेकाडं म्हणजे आपला इतिहास आहे. जिल्ह्यातल्या भोकरदनला, म्हणजे प्राचीन भोगवर्धनला, 1973 मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी उत्खनन केलं आणि सातवाहनांच्या काळातली भरभराटीची वस्ती उजेडात आली. तेव्हा ‘स्थानिक साहित्य’ म्हणून सरसकट गढ्या खोदा, असं कुणी आपल्या प्रकल्पात लिहू नये.

आता माझा मुख्य मुद्दा. माळवद साऱ्या खणांवरून सलग जातं. भावाभावांच्या वाटण्या झाल्या, चौकात भिंत आली, चुली वेगळ्या झाल्या, तरी डोक्यावरची माती एकच राहते. थोरल्याने यंदा माती टाकली नाही तर पाणी धाकट्याच्या खणात उतरतं. अबोला असला तरी मृगाच्या आधी एक दिवस दोघांना वर चढावं लागतं. मग कधीतरी एक जण आपल्यापुरती माती उतरवून पत्रे टाकतो, दुसरा स्लॅब ओततो आणि ती वर्षातली एक भेटही संपते. मला वाटतं, वाडा मोडला तो वाटणीने कमी आणि वेगवेगळ्या छतांनी जास्त. ज्या साहित्याला निगा लागते ते माणसांना एकत्र आणतं, ज्याला लागत नाही ते त्यांना मोकळं सोडतं. सहनिवासाचा नकाशा काढणाऱ्याने हे ताडून बघावं. वीस कुटुंबांना एक सभागृह देऊन ती एकत्र येत नाहीत, आणि सर्वांना मिळून जपावी लागेल अशी एक गोष्ट दिली तर येतात. आली नाहीत तर ती गोष्ट गळायला लागते आणि दोष कुठे आहे ते सगळ्यांना दिसतं.

पण माळवदाचं गुणगान करणाऱ्याने किल्लारीजवळ थांबलंच पाहिजे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चारला काही मिनिटं कमी असताना, लातूर-धाराशिवच्या सीमेवर भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं नुकती झोपली होती. सुमारे दहा हजार माणसं गेली. भूकंपाची तीव्रता 6.2 होती, आणि एवढ्या तीव्रतेत एवढी माणसं जाण्याचं मोठं कारण घरांत होतं. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती दिसायला भक्कम, पण आत आणि बाहेर दोन वेगळे थर, मधे मातीत टाकलेला दगडगोट्यांचा भराव, आणि दोन्ही थरांना धरून ठेवणारे आरपार दगड जवळजवळ नाहीतच. डोक्यावर दर साल टाकलेली माती. जुनी न उतरवता नवी टाकत गेलं की छताचं वजन गुपचूप वाढतं. भिंती फुटल्या आणि हे ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. मात्र जिथे छत भिंतीवर न टेकता लाकडी खांबांवर उभं होतं, अशा कित्येक घरांत भिंती बाहेर ढासळल्या आणि खण तसेच उभे राहिले, माणसं वाचली. म्हणजे शहाणपणही त्याच घरात होतं, फक्त लाकूड महागल्यावर ते गळून गेलं.

त्याच वर्षी भारतीय मानक संस्थेची मातीच्या आणि कमी ताकदीच्या दगडी बांधकामांसाठी भूकंपरोधक मार्गदर्शक तत्त्वं आली. आरपार दगड ठरावीक अंतरावर, कोपऱ्यांना बांधणी, दारांच्या माथ्याच्या पातळीला चारी भिंतींना धरणारा पट्टा. हे फार खर्चाचं नाही. मातीत काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने पहिला धडा हा घ्यावा, विटेच्या रंगाचा नंतर. लातूर, धाराशिवमध्ये आजही मातीच्या छताखाली झोप न येणारी माणसं आहेत. त्यांना ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द ऐकवण्याआधी त्यांच्या भीतीला उत्तर द्यावं लागेल.

सहनिवासाच्या बाबतीतही असाच एक हिशेब करायचा राहतो. वाड्यातलं ते एकत्र राहणं कुणाच्या जिवावर चालायचं? जमीन सारवणं, पोतेरा देणं, पाणी भरणं, पंचवीस माणसांच्या भाकरी हे सगळं बायकांच्या माथी होतं. माळवदावर पाट्या वाहणारा पुष्कळदा सालगडी असे, आणि तो ज्या वस्तीतून येई ती गावकुसाबाहेर होती. चौक सगळ्यांचा, असं आपण म्हणतो तेव्हा ‘सगळे’ म्हणजे एका जातीचं एक कुटुंब. आजच्या विद्यार्थ्याला वाड्याचा चौक घ्यायचा असेल तर तो जरूर घ्यावा, पण त्यातलं काम कोण करतं याची वाटणीही त्याच कागदावर आखावी. डेन्मार्कमध्ये 1972 मध्ये सेटेडामेन नावाची सहनिवासी वस्ती उभी राहिली, तेव्हापासून तिकडच्या अशा वस्त्यांत सामाईक जेवण रांधायची पाळी बाईला आणि पुरुषाला सारखीच येते. तिथे ही गोष्ट स्वभावावर सोडलेली नाही, ठरवून केलेली आहे. आपल्याकडे चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईत बेलापूरला 1980 च्या दशकात जी वस्ती बांधली तिचंही सूत्र अभ्यासावं. साधारण सात घरांना मिळून आठ मीटर लांब-रुंद एक अंगण, पण दोन घरांची भिंत कुठेही सामाईक नाही. ज्याला जसं जमेल तसं त्याने आपलं घर वाढवावं, शेजाऱ्याला धक्का नाही. काय एकत्र ठेवायचं आणि काय वेगळं, हे इतकं स्पष्ट ठरवलेली वस्ती मी दुसरी पाहिलेली नाही.

आता साहित्याकडे येऊ. जालन्याचा विद्यार्थी प्रयोग करायला निघाला तर त्याच्या पायाखाली काळी माती आहे, आणि बहुतेक पुस्तकं त्याला सांगतील की ही माती बांधकामाला निरुपयोगी. तसं मानण्याआधी दोन परीक्षा घरीच कराव्यात. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ. हलवून ठेवून द्या. रेती मिनिटाभरात तळाशी बसते, गाळ काही तासांत आणि चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत गढूळच राहते. थर पट्टीने मोजा. दुसरी परीक्षा: साठ सेंटिमीटर लांब, चार रुंद, चार खोल असा लाकडी साचा, आतून तेल लावलेला. त्यात ओली माती दाबून भरा आणि सावलीत सुकू द्या. काळ्या मातीची पट्टी आखडते, टोकाला बोटं जातील एवढी फट पडते आणि मधे तिचे तुकडे होतात. आता तीच माती घ्या, तिच्यात मुरूम मिसळा, जो तिच्याच खाली दोन-चार फुटांवर सापडतो, आणि थोडा चुना घाला. पुन्हा साचा भरा. फट किती कमी झाली ते लिहून ठेवा. या दुसऱ्या पट्टीत विद्यार्थी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने काहीतरी शोधून काढतो.

दाबून केलेल्या मातीच्या विटांवर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1970 च्या दशकापासून आणि ऑरोव्हिलच्या अर्थ इन्स्टिट्यूटमध्ये 1989 पासून काम चालू आहे. रेताड मातीत साधारण पाच टक्के सिमेंट पुरतं, पण फुगणाऱ्या मातीला चुना जास्त मानवतो, कारण तो चिकणमातीच्या कणांशीच हळूहळू रासायनिक संयोग करतो. त्याला आठवडे लागतात आणि तेवढे दिवस विटा ओल्या ठेवाव्या लागतात. घाईच्या माणसाने या वाटेला जाऊ नये.

भेगा धरून ठेवायला धागा लागतो. इथे वेरूळची गोष्ट सांगितलीच पाहिजे. 2016 मध्ये पुरातत्त्व खात्याचे राजदेव सिंह आणि मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ म. म. सरदेसाई यांनी ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिलं की वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत. ते ओळखण्यासाठी ताजं झाड ताडून पाहायला हवं होतं, त्यातले काही नमुने त्यांनी आणले ते जालना जिल्ह्यातून. त्यांच्या मते याच मिश्रणामुळे हा गिलावा कीटकांपासून वाचला, अजिंठ्यात मात्र किडीने गिलावा पोखरला. आज भांग लावायला कायदा आडवा येतो. पण अंबाडी आहे, ताग आहे. दोन पिढ्यांपूर्वी प्रत्येक शेतकऱ्याच्या बांधावर अंबाडी असे, तिचा वाख काढून दोर वळत. तो वाख बोटभर लांबीचा कापून चुना-मातीच्या गिलाव्यात घालून बघणं हा एका विद्यार्थ्याला सत्रभर पुरेल एवढा चांगला प्रयोग आहे.

पऱ्हाटीचं तसंच. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या चुलीत तरी जातात नाहीतर बांधावर पेटवल्या जातात, कारण शेतात राहिल्या तर बोंडअळीला आसरा. मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, सिरकॉटने, पऱ्हाटीच्या भुशापासून दाबलेले तक्ते बनवण्याचं तंत्र तयार केलेलं आहे. आणि त्याच्याही आधी पऱ्हाटी-तुराट्यांचा कूड विणून त्यावर शेणमातीचा गिलावा करण्याचं तंत्र आपल्या आज्या-पणज्यांच्या हातात होतं. हलकी भिंत, भूकंपात कुणाचा जीव न घेणारी. तिला नवा पाया आणि पावसापासून राखणारं पुढे आलेलं छप्पर द्या, ती नव्या घरातही शोभेल.

बुरशीच्या विटेचं सध्या विद्यार्थ्यांना फार वेड आहे. शेतातल्या भुशात बुरशीचं जाळं वाढवायचं, साच्याचा आकार आला की वाळवायचं. न्यूयॉर्कमध्ये 2014 साली मक्याच्या ताटांवर वाढवलेल्या अशा सुमारे दहा हजार विटांचा चाळीस फुटी मनोरा उभा केला होता आणि हंगाम संपल्यावर त्याचं खत केलं. सुंदर काम होतं. पण आकडा बघा. आपल्या मानकानुसार भाजलेल्या विटेने दर चौरस मिलिमीटरला किमान 3.5 न्यूटन भार पेलला पाहिजे, बुरशीची वीट 0.2 च्या आसपास पेलते. तिच्या भिंतीवर माळवद ठेवता येणार नाही. पत्र्याखाली उष्णता अडवायला ती उत्तम, आणि जालन्यात पत्र्याखाली राहणारी कुटुंबं काही थोडी नाहीत. तेव्हा तिचं काम ते.

‘जालना, सोने का पालना’ असं म्हणत, ते बाजारपेठेमुळे. आता शहराची ओळख बियाणं आणि सळई अशी आहे. सळईच्या कारखान्यांबाहेर काळ्या, काचेसारख्या स्लॅगचे ढीग दिसतात. विद्यार्थी धावतात: स्लॅगपासून सिमेंट होतं, असं त्यांनी वाचलेलं असतं. ते होतं झोतभट्टीच्या स्लॅगपासून, आणि तीही एकदम पाण्यात थंड केलेली असेल तर. जालन्यात मुख्यतः भंगार आणि स्पंज लोह विजेच्या इंडक्शन भट्टीत वितळवतात. तिची स्लॅग वाळूच्या जातीची, चुना अगदी थोडा. ती आपणहून घट्ट होणार नाही. पण आतलं लोखंड चुंबकाने वेचून, दळून, चाळून खडी-वाळूच्या जागी फरसबंदीच्या ठोकळ्यांत वापरता येते. फक्त आधी तिच्यातून पाण्यात काय उतरतं ते तपासून घ्यावं लागेल. आता जालन्यात मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं मराठवाडा केंद्र आहे. वास्तुकलेच्या आणि रसायनाच्या मुलांनी एका टेबलावर बसावं, याला याहून चांगलं निमित्त नाही.

एका प्रकल्पाची मात्र मी वर्षानुवर्षं वाट बघतोय. दसरा-दिवाळी झाली की अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर भागातून ऊसतोडीला जोडपी निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत चार-सहा महिने कारखान्याच्या आवारात नाहीतर उसाच्या फडाशेजारी कोपीत राहायचं. बांबूच्या वाकवलेल्या काठ्या, त्यांवर चटई, हल्ली ताडपत्री. आत वाकून जायचं, बसून रांधायचं. पहाटे तीन-चारला उठून बाई भाकरी थापते, मग फडात जाते. शंभर-शंभर कोप्या ओळीने असतात, म्हणजे हजेरी लावली तर हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा सहनिवास. पण त्याला ना सामाईक न्हाणी आहे, ना संडास, ना लेकरांना झोपवायला एक सुरक्षित जागा. घरकुल योजनेतलं पंचवीस चौरस मीटरचं घर गावाकडे कुलूप लावून उभं असतं, नाहीतर त्यात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं असतात.

यापेक्षा अवघड आणि यापेक्षा मोलाचा विषय वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला कुठे मिळेल? दोन माणसांनी तासाभरात उभं करायचं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मावायचं, पाच हंगाम टिकायचं, आत ताठ उभं राहता यायचं, बाईला आतून कडी लावता यायची, आणि दहा कोप्यांना मिळून एक न्हाणी आणि एक चूल. इथे साहित्य आणि सहनिवास वेगळे काढताच येत नाहीत. पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या अनुपमा कुंडू यांनी ऑरोव्हिलमध्ये विटा पाडणाऱ्या, गवंडीकाम करणाऱ्या माणसांबरोबर राहून आपली कामं घडवली, घर मातीचं बांधून ते उभ्याउभी आतून भाजण्याचा प्रयोगही केला. तसं कुणीतरी एक हंगाम कोपीत राहून हे काम करावं.

तोवर निदान एवढं करा. तुम्ही वास्तुकला शिकत असाल, आणि तुमच्या आजोळी, मामाच्या गावी, गावात कुणाकडेही एखादं धाब्याचं घर उभं असेल, तर येत्या मृगाच्या आधी तिथे जा. टेप, वही आणि पाण्याची बाटली न्या. खण मोजा, मातीचा थर किती इंच आहे ते कडेला सळई घालून बघा, खांब कुठे कुजलेत ते लिहा. कोण कोण वर चढलं, पाट्या कुणी वाहिल्या, कोण का आलं नाही, तेही लिहा. आणि नुसते उभे राहू नका, एक पाटी उचला. ही घरं दर पावसाळ्यात कमी होत आहेत.